एका धक्क्याला अनेक नावा

कोकण किनाऱ्यावरच्या बंदरांत नावा एकमेकींना खेटून बांधण्याची रीत फार जुनी आहे. धक्क्याची लांबी वाढत नाही, भरती कोणासाठी थांबत नाही आणि माल किंवा मासळी उतरवायची ती त्याच वेळात. त्यामुळे एका नावेला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी अशी रांग पाण्यात पसरते. शेवटच्या नावेवरचा खलाशी आतल्या सगळ्या नावांवरून चालत किनाऱ्याला येतो. अशा ठिकाणी वाट कोणी कोणाला द्यायची, दोर कुठे अडकवायचा, आधी कोणी सुटायचे, याला काही रीत लागतेच. मुंबई आणि कोकणातल्या या रीतीचा मागोवा घेतला तर असे दिसते, की धक्क्यावरची जागा सहसा कोणत्याच नावेच्या मालकीची मानली गेली नाही. नावेला मिळे ती पाळी. ती पाळी लावून देणारा मात्र काळाप्रमाणे बदलत गेला.

नदीवरचा मामला याहून सोपा. सह्याद्रीच्या पूर्वेला, मुळशी तालुक्यातल्या कासार आंबोली, पौड अशा गावांच्या मुलखात, पूल होण्यापूर्वी नाव म्हणजे पैलतीराला नेणारी तर. एका उताराला बहुधा एकच नाव आणि ती हाकणारा एकच तरवाला. इंग्रजी अमलात १८६८ साली मुंबई इलाख्यासाठी तरींचा कायदा झाला, तोही मुख्यतः सार्वजनिक तरीचा मक्ता कोणाला आणि किती भाड्याने द्यायचा हे ठरवणारा. नावांनी नावांशी कसे वागावे हा प्रश्न तिथे क्वचितच उभा राहिला. तो खाडीत आणि समुद्रावर उभा राहिला, कारण तिथे एका घाटाला शंभर नावा येत.

पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरातील जागावाटपाचे जुने वर्णन इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासमार्गदर्शिकेत आहे. नर्मदेच्या मुखाशी भरुचला भरती-ओहोटीचा जोर इतका, की अनोळखी जहाज गाळात रुतून कलंडण्याची भीती असे. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक मच्छीमार मोठ्या नावा घेऊन बाहेर समुद्रात जात, जहाजांना दोर लावून आत ओढून आणत. भरतीत पुढे सरकायचे आणि ओहोटीत ठरलेल्या खोल जागी थांबायचे, असा तो टप्प्याटप्प्याचा प्रवास होता. कुठे थांबायचे हे जहाजाचा मालक ठरवत नसे. ते कोळ्यांच्या हाती होते. याच ग्रंथात कल्याणचाही उल्लेख येतो. तिथे एखादे ग्रीक जहाज चुकून आले तर पहाऱ्यात भरुचला धाडले जाई. दोन राजसत्तांच्या भांडणात बंदर सापडले, की शेजारधर्माची गत अशी होते.

मराठीत बंदरातल्या वर्तनाचा विचार ठामपणे मांडलेला आढळतो तो रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात. १७१५-१६ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या या राजनीतिग्रंथात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. समुद्र खवळण्यापूर्वी काही दिवस आरमाराने पावसाळी छावणीला जावे, पण ही छावणी दरसाल एकाच बंदरी करू नये, असे अमात्य बजावतात. कितीही जरब ठेवली तरी आरमारी लोकांचा उपद्रव आसपासच्या रयतेला होतोच, मग तो भार एकाच गावाने का सोसावा, हा त्यामागचा विचार. व्यापारी नावांना तसदी न देता त्यांची आवकजावक चालू राहील असे वागावे, हेही त्याच प्रकरणात आहे. आज्ञापत्राची ही बाजू झाडे तोडण्याविषयीच्या त्याच्या प्रसिद्ध आज्ञेइतकी कधी उद्धृत होत नाही, पण बंदराच्या इतिहासात तिचे वजन जास्त आहे. बंदरातले सगळ्यात बलवान जहाज हाच सगळ्यात त्रासदायक शेजारी असतो, हे राज्यकर्त्याने स्वतःच्या आरमाराबद्दल कबूल केलेले आहे.

मुंबई बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत बंदरांची माळ उभी राहिली. गर्दीवर तिथला पहिला तोडगा मालाप्रमाणे नावा वेगळ्या करण्याचा होता. कौलाबंदर, लकडी बंदर, कोळसा बंदर आणि गवताच्या गंजींवरून पडलेले ‘हे बंदर’ (इंग्रजी ‘हे’ म्हणजे वाळलेले गवत) ही नावे त्याची साक्ष देतात. लाकडाचा पडाव आणि कौलांचा मचवा एकमेकांच्या वाटेत येत नसत. उतरवायला लागणारे मजूर, गाड्या आणि वखारीही त्या त्या ठिकाणी असत. गलबतांच्या या जगात घाई नव्हती असे नाही, पण वारा आणि पाणी यांच्यापुढे घाईचा इलाज नव्हता. ओहोटीला नावा चिखलात बसत, तेव्हा बैलगाड्या थेट त्यांच्याजवळ नेऊन माल उतरवला जाई. पुढची भरती आली की मोकळ्या झालेल्या नावेने निघायचे. ही पाळी पाण्यानेच लावलेली असल्यामुळे तिच्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

उतारूंचे हाल मात्र मोठे होते. धक्का नसलेल्या जागी नाव थांबली की गुडघाभर पाण्यातून आणि चिखलातून चालत किनारा गाठावा लागे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लक्ष्मण हरिश्चंद्र ऊर्फ भाऊ अजिंक्य यांनी बांधलेल्या धक्क्याने यात बदल झाला. तोच भाऊचा धक्का. नंतर जागा बदलली, सरकारी कागदांत त्याचे नाव फेरी व्हार्फ झाले, तरी लोकांच्या तोंडी भाऊंचेच नाव राहिले. कोकणात जाणाऱ्या आगबोटींच्या काळात हा धक्का गजबजला. त्या आगबोटी कोकणातल्या पुष्कळशा बंदरांत किनाऱ्याला लागतच नसत. त्या बाहेर खोल पाण्यात नांगर टाकत आणि उतारूंना पडावातून ने-आण करावी लागे. आगबोटीच्या शिडीशी एका वेळी एखाददुसराच पडाव नीट उभा राहू शकतो. बाकीच्यांनी लाटांवर हेलकावे खात मागे थांबायचे. पोरेबाळे, पेट्या, वळकट्या आणि आंब्याच्या करंड्या घेऊन ही पाळी पाळणे सोपे नव्हते.

मोठ्या धक्क्यांचे युग कापसाने आणले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला अचानक भाव आला. बंदरात येणारी जहाजे मधोमध नांगरून पडत आणि त्यांचा माल मचव्यांतून उतरत असे. ही पद्धत वाढत्या व्यापाराला पुरणारी नव्हती. १८७३ साली बॉम्बे पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. १८७५ मध्ये अल्बर्ट ससून यांनी कुलाब्याला भराव घालून ससून डॉक बांधला. पश्चिम भारतातला हा पहिला बंदिस्त पाण्याचा डॉक. १८७९ मध्ये तो पोर्ट ट्रस्टकडे आला. १ जानेवारी १८८० रोजी प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, सुरू झाला.

बंदिस्त डॉकने पाळीचा स्वभाव बदलला. मुंबईत उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतले अंतर चार मीटरच्या पुढे जाते. डॉकला दरवाजे असल्याने आतले पाणी ओहोटीतही टिकते, पण ते दरवाजे उघडायचे ते भरतीच्या वेळीच. म्हणजे एका भरतीला किती जहाजे आत येणार आणि कोणती, हे आता माणसाने ठरवायचे होते. ते काम हार्बर मास्तर आणि डॉक मास्तर यांच्याकडे गेले. गलबते जुन्या उघड्या बंदरांत राहिली आणि आगबोटींना डॉक मिळाले. मुंबईच्या बंदरात त्यानंतर दीर्घकाळ दोन व्यवस्था शेजारी नांदल्या. एक घड्याळाची आणि वहीची, दुसरी तांडेलांच्या, म्हणजे खलाशांच्या म्होरक्यांच्या, आपापसातल्या समजुतीची.

वहीच्या व्यवस्थेला कायद्याचा आधार १८५५ च्या बंदर कायद्यापासून मिळत गेला. पुढे १९०८ चा भारतीय बंदरे कायदा शंभरहून अधिक वर्षे लागू राहिला. या कायद्यातली काही कलमे वाचताना ती कोण्या जुन्या तांडेलाने सांगितली असावीत असे वाटते. बंदराच्या अधिकाऱ्याने सांगितले की दुसरे जहाज ओढून हलवण्यासाठी आपल्या जहाजाला दोर बांधू द्यायचा, आणि सांगितल्याशिवाय तो सोडायचा नाही. सूर्य मावळल्यावर आपला दोर असा लोंबत ठेवायचा नाही, की ये-जा करणाऱ्या दुसऱ्या जहाजाला धोका होईल. मनाई केलेल्या हद्दीत जहाजावर डांबर उकळायचे नाही. हे न पाळणाऱ्याला दंड होता. दाटीत दोर द्यावा, दोर आवरावा आणि आग जपावी, हा खलाशांचा पूर्वापार धडा सरकारने कलमांत बसवला. २०२५ मध्ये संसदेने नवा बंदरे कायदा संमत करून १९०८ चा कायदा रद्द केला.

कायद्यात न आलेला भाग अर्थातच मोठा आहे, आणि त्याचे मूळ दोरातच आहे. धक्क्यावरच्या एका खुंटाला अनेक नावांचे दोर येतात. पहिल्या नावेचा फास खुंटावर असताना दुसऱ्याने आपला फास नुसता वरून टाकला, तर पहिली नाव अडकून पडते. तिला सुटायचे तर आधी दुसऱ्याचा दोर काढावा लागतो. म्हणून जाणता खलाशी आपला फास आधीच्या फासातून खालून वर घेतो आणि मग खुंटावर चढवतो. असे केले की कोणताही दोर कोणत्याही क्रमाने सुटतो. ही युक्ती जगभरच्या बंदरांत आहे. ती ज्याला येते तो धक्क्यावर मुरलेला समजावा, इतकी ती साधी आणि महत्त्वाची आहे.

दुसरा नियम भाराचा. बाहेरच्या बाजूला लागणाऱ्या नावेने केवळ शेजारणीला बांधून घेतले, तर वारा सुटला की तिचे सगळे ओझे आतल्या नावेच्या दोरांवर येते. पाचसहा नावांच्या रांगेत ते ओझे सगळ्यात आतल्या नावेला सोसवत नाही. यासाठी बाहेरच्या नावेने पुढून आणि मागून आपापले लांब दोर थेट किनाऱ्याला न्यायचे किंवा बाहेरच्या अंगाला नांगर टाकायचा. दोर फार ताणूनही चालत नाही. पाणी उतरले की नाव खाली जाते आणि ताठ बांधलेली नाव लटकू लागते, नाहीतर दोर तुटतो. दोन नावांच्या मध्ये पूर्वी काथ्याचे आणि चिंध्यांचे गुंडाळे लोंबत. आता जुने टायर असतात. टायर कोणाचे यावरून सहसा वाद होत नाही. टायर नसलेली नाव शेजारी आली तर होतो.

तिसरा नियम माणसांचा आहे. नावा एकमेकींना बांधलेल्या असताना प्रत्येक नावेवर निदान एकाने राहायचे, म्हणजे आतली नाव सुटताना बाहेरचीचे दोर सोडून पुन्हा बांधता येतात. राखणदार नसलेली नाव अख्ख्या रांगेला अडवून धरते. दुसऱ्याच्या नावेवरून जाताना हाक द्यायची, पसरलेल्या जाळ्यावर पाय द्यायचा नाही, तिथल्या कोणत्याही वस्तूला हात लावायचा नाही. कोळ्यांच्या घरात नाव ही लक्ष्मी. नारळी पौर्णिमेला तिची पूजा होते आणि अनेक नावांवर चपला काढूनच चढतात. युरोपातल्या हौशी नौकांच्या बंदरांतही शेजारच्या नौकेवरून जावे लागते. तिथला संकेत पुढच्या भागावरून जाण्याचा, कारण मागच्या बाजूला लोक बसलेले, जेवत असलेले असतात. तिथे जपायचा तो शेजाऱ्याचा एकांत, इथे नावेचा मान. वागणे मात्र दोन्हीकडे सारखेच, पाहुण्याचे.

शेजारच्या जहाजाच्या पोटात काय आहे हे कळणे, हा गर्दीच्या डॉकमधला सगळ्यात गंभीर मुद्दा ठरला तो १४ एप्रिल १९४४ रोजी. एसएस फोर्ट स्टिकीन हे जहाज व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागले होते. त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठीही. दुपारी कापसाला आग लागली आणि चारच्या सुमारास जहाजाचा स्फोट झाला. थोड्या वेळाने आणखी मोठा स्फोट झाला. शेजारची जहाजे बुडाली, वखारी पेटल्या, शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत अग्निशमन दलाचे जवान मोठ्या संख्येने होते. १४ एप्रिल हा दिवस देशात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो यामुळेच. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लाल बावटा लावून इतरांना सावध करायचे, हा जुना रिवाज होता. युद्धकाळात तो पाळला गेला नव्हता. दारूगोळा भरलेल्या जहाजाने गजबजलेल्या डॉकच्या आत येऊ नये, ही साधी गोष्ट युद्धाच्या निकडीने बाजूला पडली होती.

स्वातंत्र्यानंतर ससून डॉकवर मासेमारीचा ताबा बसला आणि पाळीचा प्रश्न नव्या रूपात आला. शिडाच्या नावांच्या जागी यांत्रिक नावा आल्या, मग ट्रॉलर आणि पर्ससीन नावा. नावेची लांबी वाढली, फेरी एका दिवसाची न राहता दहा-पंधरा दिवसांची झाली, आणि येताना मासळी उतरवणे, जाताना बर्फ, डिझेल व पाणी भरणे अशी दुहेरी गरज धक्क्याला चिकटली. लिलाव पहाटे होतो. त्या वेळेला पोहोचलेली मासळी चांगला भाव घेते, उशिरा उतरलेली कमी. म्हणून पहाटे मासळी भरलेल्या नावेला मान आणि बर्फ भरणाऱ्या नावेने मागे सरायचे, अशी अपेक्षा असते. बाहेरच्या रांगेतल्या नावेची मासळी आतल्या नावांवरून हातोहात टोपल्यांनी धक्क्यावर येते. इथे शेजारी अडून बसला तर नुकसान रुपयांत मोजता येते, त्यामुळे तंटेही होतात. ते मिटवण्याचे काम आधी कोळीवाड्याच्या पाटलाचे आणि जमातीचे होते. पुढे ते बहुतांशी मच्छीमार सहकारी सोसायट्यांकडे गेले. नाखवा, म्हणजे नावेचा मालक, सोसायटीचा सभासद असतो, डिझेलचा परतावा आणि बर्फ यांसाठी तिच्यावर अवलंबून असतो, म्हणून तिचा शब्द चालतो. बंदर अधिकाऱ्याच्या दंडापेक्षा हा धाक अधिक परिणामकारक आहे.

मासेमारीबंदीच्या काळात ही दाटी टोकाला जाते. पूर्वी आगोट, म्हणजे पावसाळ्याचे तोंड, आली की नावा किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवत आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन पुन्हा लोटत. महाराष्ट्रात १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. आता राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. त्याआधी राज्यात बंदीची अखेर १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यांतली जी आधी येईल ती, अशी धरली जाई. तारीख बदलली तशी बंदरातली रीतही बिघडली. पौर्णिमेला सगळे एकाच मुहूर्ताला निघत खरे, पण लहान नावा वाळूवरून निघत. मोठ्या ट्रॉलरना वाळूवर ओढता येत नाही. त्या दोन महिने खाडीत आणि बंदरात एकमेकींना बांधून पडतात आणि १ ऑगस्टला सगळ्यांनाच बर्फ, डिझेल आणि वाट हवी असते. आत अडकलेल्या नावेला बाहेरच्या आठ नावा हलल्याशिवाय सुटका नाही. बंदी लागताना शेवटी आलेला सुटताना पहिला, असा हा उलटा क्रम आहे. पहिल्या दिवशीच्या मासळीचा भाव बघता तो अन्यायाचाच वाटतो.

कोकणात सगळीकडे धक्केच आहेत असे मात्र नाही. हर्णैला सुवर्णदुर्गासमोर मोठ्या नावा बाहेर नांगरून राहतात. मासळी लहान होड्यांतून किनाऱ्याकडे येते, तिथून बैलगाड्यांनी वाळूवरच्या लिलावाला जाते. एका खुंटासाठी भांडण नाही, कारण खुंटच नाही. कष्ट मात्र दुप्पट. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला बंदर बांधले गेले आणि नावांची संख्या त्याच्या क्षमतेच्या पुढे गेली. मुंबईवरचा भार कमी व्हावा म्हणून उरणजवळ करंजा येथे मासेमारी बंदर उभारण्यात आले. बंदर बांधले की नावा वाढतात आणि नावा वाढल्या की बंदर अपुरे पडते, हा अनुभव प्रत्येक ठिकाणी आला आहे.

परक्या नावेला हटकणे हाही या शेजाराचा भाग. रांगेत अनोळखी नाव लागली की ‘कुठली नाव?’ हा पहिला प्रश्न. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कफ परेडच्या मच्छीमार नगरात रबरी होडीतून उतरलेल्या दहा जणांना तिथल्या रहिवाशांनी हटकले होते. त्यांनी दाद दिली नाही. त्यांनी मुंबईवर केलेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर नावांची नोंदणी, खलाशांची ओळखपत्रे आणि समुद्रात जाताना घ्यायचे टोकन यांची सक्ती कडक झाली. पूर्वी जी चौकशी शेजारी करत, ती आता बंदरातला सुरक्षारक्षकही करतो.

उतारू लाँचच्या जगात पाळीचा सर्वांत दाट अनुभव गेटवे ऑफ इंडियाशी येतो. १९२४ मध्ये पूर्ण झालेली ही कमान समारंभासाठी होती. रोज हजारो माणसांची चढउतार करण्यासाठी ती आणि तिच्या भोवतालच्या पायऱ्या योजलेल्याच नव्हत्या. घारापुरीच्या आणि मांडव्याच्या लाँच तिथे एकमेकींच्या बाजूला लागतात आणि उतारू एका लाँचमधून दुसरीत पाऊल टाकत आपल्या लाँचपर्यंत पोहोचतात. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सेवा सुरू झाल्यावर काही भार तिकडे वळला. गेटवेपासून जवळच रेडिओ क्लबसमोर नवी प्रवासी जेट्टी बांधण्याची योजना राज्याच्या सागरी मंडळाने पुढे आणली. कुलाब्यातल्या रहिवाशांनी तिला वाहनांची गर्दी आणि वारसा परिसर या मुद्द्यांवर विरोध केला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने काही अटींवर प्रकल्पाला वाट मोकळी करून दिली.